नमाज, रोजा, जकात, हज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रमजानच्या पंधरा दिवस आधी सुरू होतात आणि बकरी ईद होईपर्यंत येत राहतात. विचारणाऱ्यांत घरचे आहेत, शेजारी आहेत, कामावरचे हिंदू सहकारी आहेत, कॉलेजात जाणारी भाचरं आहेत. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरातला, म्हणजे शाफई. (शाफई आणि हनफी हे सुन्नींच्या चार मसलकांपैकी, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरांपैकी, दोन.) पुण्यात राहतो त्या मोहल्ल्यात बहुतेक सगळे हनफी. दोन्ही रीती रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून जिथे फरक आहे तिथे दोन्ही सांगितल्या आहेत. मी मुफ्ती, म्हणजे धर्मनियमांवर मत देणारा विद्वान, नाही. प्रश्नात तुमचा आजार, तुमचं कर्ज किंवा घरातली वाटणी गुंतलेली असेल, तर इथे वाचून थांबू नका. मुफ्तींकडे जा आणि त्यांना सगळा तपशील सांगा, कारण तपशील बदलला की उत्तर बदलतं.

१. इस्लामचे पाच अरकान कोणते?

अरकान म्हणजे खांब. इस्लामची उभारणी पाच गोष्टींवर आहे, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स., म्हणजे त्यांच्यावर शांती असो) यांची प्रसिद्ध हदीस, म्हणजे वचन, आहे. कलम्याची साक्ष, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असेल त्याला हज, या त्या पाच गोष्टी. पण पाचही सगळ्यांवर सारख्या लागू होत नाहीत. कलमा आणि नमाज गरीब-श्रीमंत सगळ्यांना आहेत. रोजा तब्येत बघतो, जकात शिल्लक बघते, हज तब्येत आणि पैसा दोन्ही बघतो. पुढचे निम्मे प्रश्न या एका गोष्टीतूनच निघतात.

२. कलमा तोंडाने म्हटला की माणूस मुसलमान होतो का?

‘ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह’. अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही, मुहम्मद अल्लाहचे पैगंबर आहेत. हे समजून, मनापासून आणि कोणाच्याही दबावाशिवाय म्हटलं की माणूस इस्लाममध्ये आला. त्यासाठी मौलवी, दाखला किंवा समारंभ यांची अट नाही. कागदोपत्री नाव बदलणं हा कायद्याचा भाग आहे, धर्माचा नाही. आपल्याकडे मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शाळेत) मुलांकडून सहा कलमे पाठ करून घेतात. ती शिकवण्याची सोय आहे. खांब आहे तो या एका साक्षीचा.

३. शिया आणि बोहरा यांचेही हेच पाच खांब का?

नमाज, रोजा, जकात, हज सगळ्यांकडे आहेत, मोजणी वेगळी आहे. इस्ना अशरी शियांकडे श्रद्धेची पाच तत्त्वं वेगळी आणि आचरणाच्या दहा गोष्टी वेगळ्या. त्या दहांत खुम्स, म्हणजे वर्षाच्या बचतीचा पाचवा हिस्सा, हाही येतो. दाऊदी बोहरा सात खांब मानतात. त्यात वलायत, म्हणजे इमामांवरची निष्ठा, पहिली आणि तहारत, म्हणजे शुद्धता, हाही स्वतंत्र खांब. शिया आणि बोहरा पाच नमाजा तीन वेळांत अदा करतात: दुपारच्या जोहर-असर एकत्र, संध्याकाळ-रात्रीच्या मगरीब-ईशा एकत्र. बोहऱ्यांची दिनदर्शिका गणिताने आधीच ठरलेली असते, म्हणून पुण्या-मुंबईत त्यांचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधी लागतो. पुढची उत्तरं सुन्नी रीतीची आहेत.

४. पाच नमाजांच्या वेळा आणि रकाती कोणत्या?

वेळा घड्याळावर नव्हे, सूर्यावर ठरतात. फज्र पहाटेचा उजेड क्षितिजावर पसरल्यापासून सूर्योदयापर्यंत. जोहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर. असर दुपार उतरल्यावर. मगरीब सूर्य बुडताच. ईशा पश्चिमेचा संधिप्रकाश मावळल्यावर. फर्ज, म्हणजे बंधनकारक, रकाती (उभं राहणं, वाकणं, सजदा म्हणजे कपाळ टेकणं, असा एक फेरा म्हणजे रकात) अनुक्रमे २, ४, ४, ३ आणि ४, म्हणजे दिवसाला १७. सुन्नत (पैगंबरांच्या रीतीच्या) आणि वित्र (ईशानंतरच्या) त्याशिवाय. शुक्रवारी जोहरऐवजी जुम्म्याच्या २ रकाती जमातीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, होतात. स्त्रिया, आजारी आणि प्रवासी यांच्यावर जुम्मा बंधनकारक नाही, ते नेहमीची जोहर पढतात.

अजान झाली म्हणजे त्याच मिनिटाला उभं राहायलाच हवं, असा समज फार आहे. अजान वेळ सुरू झाल्याचं सांगते. वेळ पुढची नमाज लागेपर्यंत, फज्रच्या बाबतीत सूर्योदयापर्यंत असते. लवकर पढणं चांगलं, पण मीटिंगमध्ये अडकलेल्या माणसाने ‘आता गेलीच’ म्हणून सोडून देऊ नये.

५. आमच्या गावात दोन मशिदी आहेत. असरची अजान दोन वेगळ्या वेळी का होते?

एक शाफई असेल, दुसरी हनफी. शाफई मतानुसार वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की असर लागते. हनफी मतात दुप्पट व्हावी लागते. (दोन्हीकडे भर दुपारची मूळ सावली वजा धरून.) फरक साधारण पाऊण ते एक तासाचा पडतो.

कोकणात हा फरक लहानपणीच कळतो. किनाऱ्यावरची मुस्लिम वस्ती अरब व्यापाऱ्यांच्या संबंधातून शाफई झाली, घाटावर हनफी रीत रुजली. आमच्याकडे ‘आमीन’ मोठ्याने म्हणतात, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना-उठताना हात उचलतात, फज्रमध्ये दुआ-ए-कुनूत पढतात. ईदच्या नमाजेत आमच्या जादा तकबिरी (‘अल्लाहु अकबर’ म्हणणं) १२, हनफींच्या ६. मी पुण्यात पहिल्यांदा ईदच्या नमाजेला उभा राहिलो तेव्हा सातवेळा हात उचलायच्या सवयीने एकटाच मागे राहिलो होतो. शेजारच्या चाचांनी नंतर गळाभेट घेत सांगितलं, ‘इमामाच्या मागे इमामासारखं.’ तेच खरं. चारही सुन्नी मसलकांची नमाज बरोबर आहे आणि एकमेकांच्या मागे उभं राहता येतं.

६. वुजू कशाने तुटतो? नेलपॉलिश चालतं का?

वुजू म्हणजे नमाजेपूर्वी हात, तोंड, पाय धुणं. लघवी, शौच, वायू सरणं, गाढ झोप, बेशुद्धी यांनी सर्वांच्या मते तुटतो. वाहतं रक्त आल्यास हनफींचा तुटतो, शाफईंचा नाही. परक्या स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा स्पर्श झाल्यास शाफईंचा तुटतो, हनफींचा नाही. तवाफच्या (काब्याभोवतीच्या फेऱ्यांच्या) गर्दीत हे पाळणं अशक्य होतं, म्हणून कोकणातून हजला जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी उलेमा, म्हणजे धर्मपंडित, या बाबतीत दुसऱ्या मसलकाच्या मताने कसं चालायचं ते समजावून देतात.

नेलपॉलिश नखापर्यंत पाणी पोचू देत नाही, त्यामुळे वुजू होत नाही. मेंदी चालते, तिचा फक्त रंग उरतो.

पाण्याचं म्हणाल, तर पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत. म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. टँकरच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण शहरातल्या हौदापाशी धो धो नळ सोडणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. पाणी नसेलच, किंवा पाण्याने आजार वाढणार असेल, तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करता येतो. तो वुजूइतकाच पुरेसा आहे.

७. महाराष्ट्रात पश्चिमेकडे तोंड करतात. मुलगी अमेरिकेत आहे, ती ईशान्येकडे का करते?

दिशा पश्चिम नव्हे, मक्केतला काबा. मुंबई-पुण्याहून तो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून येतो. न्यूयॉर्कहून पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग ईशान्येकडून जातो. मुलीचं बरोबर आहे. अनोळखी जागी दिशा कळेना, विचारायलाही कोणी नाही, तर अंदाज घेऊन पढायची. नंतर अंदाज चुकल्याचं कळलं तरी हनफी मतानुसार ती नमाज झाली.

८. प्रवासात नमाज अर्धी होते म्हणजे काय? लोणावळ्याला गेलो तरी होते का?

पुण्याहून लोणावळा जवळ आहे, त्यामुळे नाही. हनफी हिशेबाने ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, आणि शाफई हिशेबाने साधारण ८० किलोमीटरच्या पुढे जायचं असेल, तर आपल्या शहराची वस्ती ओलांडल्यापासून कसर सुरू होते. चार रकातींच्या फर्जच्या दोन होतात. फज्र आणि मगरीब तशाच राहतात.

मुक्कामाचा नियम वेगळा. हनफींनी एका ठिकाणी १५ दिवस किंवा जास्त राहायचं ठरवलं की पूर्ण पढायची. शाफईंना येण्या-जाण्याचे दिवस सोडून ४ दिवस राहायचं असेल तरी पूर्ण. शाफईंना प्रवासात जोहर-असर आणि मगरीब-ईशा जोडताही येतात. हनफी फक्त हजमध्ये, अरफात आणि मुजदलिफा इथे, जोडतात. स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलात तर कोणीही असा, पूर्णच पढायची.

काही जण कसर करायला संकोचतात, आपण काही चोरतोय असं त्यांना वाटतं. हनफींकडे तर प्रवासात कसर करणं वाजिब, म्हणजे आवश्यक, आहे. सवलत ही अल्लाहने दिलेली भेट आहे, ती घ्या, असं हदीसच सांगते.

९. एसटीत किंवा लोकलमध्ये वेळ निघून जात असेल तर?

आधी बघा, उतरल्यावर वेळ उरणार आहे का (प्रश्न ४). बहुतेकदा उरते. ईशा तर बराच वेळ असते. अडचण मगरीबची, कारण तिची वेळ छोटी आणि नेमकी घरी परतण्याच्या गर्दीची. उभं राहणं अशक्य असेल तर बसून, इशाऱ्याने पढावी आणि हनफी उलेमा म्हणतात त्याप्रमाणे घरी पोचल्यावर पुन्हा पढावी. राहूनच गेली, तर कजा म्हणून नंतर भरून काढायची असते. लोकांची वाट अडवून, दारात चादर अंथरून पढणं योग्य नाही. दुसऱ्याला त्रास देऊन इबादत सुंदर होत नाही.

१०. बायका मशिदीत का दिसत नाहीत? मनाई आहे का?

मनाई नाही. मदिनेत पैगंबरांच्या (स.) मशिदीत स्त्रिया नमाजेला येत, आणि त्यांना रोखू नका अशी स्पष्ट हदीस आहे. त्यांच्यावर जमातीची सक्ती नाही, घरी पढली तरी पूर्ण सवाब (पुण्य). पुढच्या काळात हनफी फुकहांनी (धर्मनियमांच्या अभ्यासकांनी) त्यांनी घरीच पढणं पसंत केलं आणि आपल्याकडच्या मशिदी त्याच पसंतीवर बांधल्या गेल्या. परिणाम असा की वेगळं दार नाही, वुजूची जागा नाही. बाजारात, बसस्थानकावर, दवाखान्यात अडकलेल्या बाईला नमाजेला कोपरा मिळत नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. नवी मशीद बांधणाऱ्या प्रत्येक कमिटीने नकाशातच स्त्रियांची जागा ठेवावी.

११. अरबी येत नाही. मराठीत नमाज पढली तर?

नमाजेतलं कुरआनपठण अरबीतच होतं, सगळ्या जगात तसंच. पण दुआ कोणत्याही भाषेत मागता येते. नमाज संपल्यावर हात वर करून आई मराठीत बोलायची, ‘अल्ला, पोरांना सांभाळ’, आणि आम्हाला ते अरबीपेक्षा जास्त समजायचं. एक सुचवतो. सूरह फातिहा आणि रोज पढता त्या दोन-तीन छोट्या सूरह यांचा मराठी अर्थ एकदा नीट वाचून घ्या. महिन्याभरात नमाजेत मन टिकायला लागतं.

१२. रमजान दरवर्षी पुढे का सरकतो?

पुढे नाही, मागे सरकतो. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. भारतात २०२४ साली पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. हिंदू पंचांगात अधिक महिना घालून ऋतू सांभाळतात. इस्लामी कालगणनेत तसा महिना नाही. त्यामुळे साधारण ३३ वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. महिना २९ चा की ३० चा हे चंद्रदर्शन ठरवतं, म्हणून ईदची सुट्टी आदल्या रात्रीपर्यंत नक्की नसते. साहेबांना हे समजावणं दरवर्षीचं काम आहे.

१३. सहरीत (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणात) अजान संपेपर्यंत खाल्लं तर चालतं ना?

नाही. रोजा पहाटेच्या वेळेला सुरू होतो आणि फज्रची अजान ती वेळ झाल्यानंतरच होते. वेळापत्रकात ‘सहरीची शेवटची वेळ’ लिहिलेली असते, तिथे थांबायचं. संध्याकाळी सूर्य बुडताच रोजा सोडायचा, उगाच लांबवायचा नाही. सहरी चुकली तरी रोजा होतो. सहरी सुन्नत आहे, अट नाही.

१४. कशाने रोजा तुटतो आणि कशाने नाही?

सर्वांत जास्त प्रश्न इथे येतात.

विसरून खाल्लं-प्यायलं तर तुटत नाही, मग पोटभर जेवलात तरी. आठवताच थांबायचं. आपोआप उलटी झाली तर तुटत नाही, बोट घालून मुद्दाम तोंडभर काढली तर तुटतो. थुंकी गिळल्याने काही होत नाही. दिवसभर थुंकत राहणारी मंडळी स्वतःला आणि रस्त्याला उगाच त्रास देतात. आंघोळ, सुरमा, अत्तर, केसांना तेल चालतं. मिसवाक (दातवण) चालतो. टूथपेस्ट मकरूह, म्हणजे नापसंत, कारण चव आणि फेस आत जायची भीती. ब्रश सहरीला करून घ्या.

दंडातलं किंवा शिरेतलं इंजेक्शन आणि इन्शुलिन यांनी तुटत नाही, असं आपल्याकडच्या बहुतेक उलेमांचं मत आहे. भूक भागवण्यासाठी सलाइन लावून घेणं मात्र रोज्याच्या हेतूविरुद्ध. रक्त तपासायला देणं किंवा रक्तदान यांनी तुटत नाही, पण चक्कर येण्याइतका अशक्तपणा येणार असेल तर टाळा. नाकात टाकलेलं औषध घशात उतरलं तर तुटतो. डोळ्यांतल्या औषधाने नाही. दम्याचा पंप घेतल्यास तुटतो असं हनफी उलेमा सांगतात, कारण औषध आत जातं. पण दम लागला असताना पंप न घेणं हा मोठा गुन्हा ठरेल. घ्या, आणि तो रोजा नंतर भरा. रोज पंप लागतोच, तर पुढचा प्रश्न वाचा.

१५. आईला मधुमेह आहे, डॉक्टर नको म्हणतात, ती ऐकत नाही. काय करू?

कुरआनमध्ये रोज्याचा हुकूम सूरह बकरहमध्ये जिथे आला आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांची सवलत आली आहे. आणि लगेच पुढे: अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको आहे. हुकूम आणि सवलत एकाच श्वासात दिले आहेत. अर्धी आयत पाळायची आणि अर्धी सोडायची, हे धर्मनिष्ठेचं लक्षण नाही.

आमची आजी साखर उतरून इफ्तारच्या आधी दोनदा कोसळली होती. तिला वाटायचं, रोजा सोडला तर अल्लाह रागावेल. शेवटी गावच्या मौलानांनी घरी येऊन सांगितलं, ‘मावशी, जीव अल्लाची अमानत आहे. ती सांभाळणं पण फर्ज.’ घरातल्या कोणाचंही न ऐकणारी आजी त्या एका वाक्यावर थांबली. म्हणून माझा सल्ला हाच: डॉक्टरांचं म्हणणं इमामसाहेबांच्या तोंडून आईपर्यंत पोचवा.

आजार बरा होणारा असेल तर सुटलेले रोजे नंतर ठेवायचे. बरा होण्याची आशाच नसेल, किंवा वय फार झालं असेल, तर प्रत्येक रोज्यामागे फिदिया, म्हणजे रोज्याऐवजी द्यायचं दान. हनफींकडे एका गरिबाचं दोन वेळचं जेवण किंवा फितऱ्याइतकी रक्कम (प्रश्न २१), शाफईंकडे एक मुद्द धान्य. पण मधुमेह असलेल्या प्रत्येकाला फिदिया लागू होतो असं नाही. गोळ्यांवर साखर काबूत आहे आणि डॉक्टर हो म्हणतात, असे कितीतरी जण रोजे ठेवतात.

१६. पाळीच्या दिवसांचं काय? गरोदर बाईचं?

पाळीत आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात रोजा नाही, नमाजही नाही. नंतर रोजे भरायचे, नमाजा भरायच्या नाहीत. महिन्याला पाचेक रोजे वर्षभरात भरता येतात. दर महिन्याच्या पंचवीस-तीस नमाजांचं ओझं अल्लाहने टाकलंच नाही. या दिवसांत दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण) सगळं चालू राहतं. घरातल्या पुरुषांनी ‘आज रोजा का नाही’ असं विचारू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलता येतो. फक्त बाळासाठी ढकलला असेल तर शाफई मतात भरण्यासोबत फिदियाही येतो.

१७. रोजा मुद्दाम तोडला तर?

रमजानमध्ये, कारण नसताना, जाणूनबुजून: तौबा, त्या दिवसाची कजा आणि कफ्फारा. कफ्फारा म्हणजे सलग ६० रोजे. ते शक्यच नसतील तर ६० गरिबांना जेवण. हनफींकडे खाण्या-पिण्यानेही कफ्फारा लागतो, शाफईंकडे फक्त शरीरसंबंधाने. आजारामुळे सोडला तर कफ्फारा नाही.

१८. जकात कोणावर आणि किती? साडेसात तोळे म्हणजे किती ग्रॅम?

निसाबाइतकी शिल्लक ज्याच्याकडे आहे, देणी वजा करून, आणि तिला एक चांद्रवर्ष झालं, त्याच्यावर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी.

इथे एक चूक सर्रास होते. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा आहे. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणजे निसाब ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. आजच्या तोळ्याने मोजाल तर ७५ ग्रॅमच धराल. नुसतं सोनं असेल तर सोन्याचा निसाब. सोनं, रोकड, बँकेतली ठेव असं मिळून असेल तर हनफी हिशेबात एकूण किंमत चांदीच्या निसाबाशी ताडून बघतात. चांदी स्वस्त असल्याने बरेच जण नकळत जकातीच्या कक्षेत येतात.

रमजानमध्येच द्यायला हवी असं नाही. ज्या चांद्र तारखेला निसाब पुरा झाला, ती तुमची तारीख. ३१ मार्चला हिशेब करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सौरवर्ष अकरा दिवसांनी मोठं आहे. ३३ वर्षांत एका वर्षाची जकात बुडते.

१९. बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांची जकात द्यायची का?

हनफी: हो, रोज वापरातले असले तरी. शाफई: नेहमीच्या वापरातल्या, वाजवी प्रमाणातल्या दागिन्यांवर नाही. गुंतवणूक म्हणून लॉकरमध्ये ठेवलेल्या सोन्यावर दोन्हीकडे आहे. आणि दागिने बायकोचे असतील तर जकातही तिची जबाबदारी. नवऱ्याने तिच्या संमतीने भरली तर चालते. दागिना तिचा, पण मोडायचा निर्णय नवऱ्याचा, असं ज्या घरात चालतं तिथे आधी मालकी कोणाची हे ठरवा.

२०. घर, गाडी, दुकान, पीएफ, उसने दिलेले पैसे?

राहतं घर, वापरातली गाडी, रिक्षा, शिलाई मशीन, दुकानातलं फर्निचर आणि फ्रीज यांवर नाही. दुकानातल्या विक्रीच्या मालावर आहे, आजच्या विक्रीच्या भावाने. विकण्याच्या उद्देशानेच घेतलेल्या फ्लॅट किंवा प्लॉटवर आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या किमतीवर नाही, साठलेल्या भाड्यावर आहे. परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी धरायची. पगारातून सक्तीने कापला जाणारा पीएफ हातात येईपर्यंत त्यावर जकात नाही, असं बहुतेक हनफी मुफ्ती सांगतात. शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा: पावसावरच्या पिकाचा दहावा, पाणी देऊन घेतलेल्याचा विसावा हिस्सा, म्हणजे उश्र.

२१. जकात कोणाला देता येते? फितरा वेगळा का?

कुरआनने सूरह तौबामध्ये आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत: गरीब, मोहताज, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी इत्यादी. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ आधीच तुमच्यावर आहे. गरजू भाऊ, बहीण, मामा, काकी यांना देता येते आणि दुहेरी सवाब आहे. ‘जकात’ हा शब्द उच्चारायची गरज नाही. मनात नियत ठेवा आणि बहिणीला मुलांच्या फीसाठी म्हणून द्या. सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वंशातल्या, घराण्याला देता येत नाही, त्यांना भेट द्या. मशिदीच्या बांधकामाला चालत नाही, कारण जकातीत पैसा कोणा गरिबाच्या मालकीचा व्हावा लागतो. बिगरमुस्लिम गरजूला जकात नाही, पण सदका (ऐच्छिक दान) मोकळेपणाने देता येतो, द्यावाच. मोलकरणीला जकात द्या, पण पगारात किंवा बोनसमध्ये वळती करून नाही.

फितरा, म्हणजे रमजान ईदचं दान, ईदच्या नमाजेपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासकट. हनफींकडे उलेमांच्या हिशेबानुसार पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत. शाफईंकडे अडीच किलोच्या पुढे मुख्य धान्य, म्हणून कोकणात फितऱ्याचा तांदूळ मोजून ठेवतात. हेतू असा की ईदच्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये.

२२. हज कोणावर फर्ज आहे? उमरा केला तर हज झाला का?

प्रकृती साथ देते, जाण्या-येण्याचा खर्च आहे आणि मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय आहे, अशा प्रौढ मुसलमानावर आयुष्यात एकदा. कर्ज काढून हजला जायची सक्ती नाही, लोकांचं देणं आधी फेडावं. उमरा वर्षात केव्हाही होतो, काही तासांत उरकतो आणि हजची जागा घेत नाही.

हजचे दिवस ठरलेले: ८ जिल्हजला (जिल्हज हा इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना) इहराम, म्हणजे हजचा साधा पोशाख, बांधून मिना, ९ ला अरफातचं मैदान, रात्री मुजदलिफा, १० ला मोठ्या जमऱ्याला (सैतानाच्या खुणेच्या खांबाला) ७ खडे, कुर्बानी, मुंडण, मग काब्याभोवती ७ फेऱ्यांचा तवाफ आणि सफा-मरवा यांमधली ७ वेळची सई. ११ आणि १२ ला तिन्ही जमऱ्यांना खडे. सगळ्याचा गाभा अरफात. तिथे त्या वेळेत पोचला नाही त्याचा हज झाला नाही.

१९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजची जहाजं जात. आमच्या गावात अजून असे बुजुर्ग आहेत जे निघताना गावभर माफी मागत फिरले होते, परत येऊ की नाही या भावनेने. माफी मागायची ती रीत आजच्या विमानाच्या हाजींनीही ठेवली आहे. हजने अल्लाहचे हक्क माफ होतात. माणसांचे पैसे आणि दुखावलेली मनं माणसांकडूनच माफ करून घ्यावी लागतात.

२३. बाई एकटी हजला जाऊ शकते का? आणि सरकार पैसे देतं का?

हनफी मतात मेहरम, म्हणजे नवरा किंवा लग्न निषिद्ध असलेला जवळचा नातेवाईक, सोबत लागतो. शाफई मतात फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांचा गट पुरतो. भारतातून २०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना गटाने मेहरमशिवाय जाता येऊ लागलं. विमानभाड्याचं अनुदान त्याच वर्षी बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच ते टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितलं होतं. हाजी आपल्या पैशाने जातात.

२४. कुर्बानी, उरूस, तरावीह हेही खांब आहेत का?

नाहीत. कुर्बानी हनफींकडे ऐपत असणाऱ्यावर वाजिब, शाफईंकडे पक्की सुन्नत. तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची जादा नमाज, सुन्नत. दर्ग्याची जियारत (दर्शन) आणि उरूस यांबद्दल मुसलमानांतच मतभेद आहेत. महाराष्ट्रात त्यांना मोठी परंपरा आहे, पण पाच अरकानांत ते येत नाहीत.

२५. मी हिंदू आहे. रोजेदार मित्रासमोर डबा खाऊ का? इफ्तारला काय नेऊ? मयतीला येऊ का?

डबा खुशाल खा. फक्त दर पाच मिनिटांनी ‘पाणी पण नाही?’ विचारू नका. इफ्तारला फळं किंवा खजूर न्या आणि सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी पोचा. मशिदीत चपला बाहेर, अंगभर कपडे. नमाज चालू असताना पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, मागे बसा.

मयतीला जरूर या. जनाजाच्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही. सगळे उभे राहतात आणि चार तकबिरी होतात. तुम्ही बाजूला शांत उभे राहा. खांदा देता येतो. कब्रस्तानात प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. आमच्याकडे गावात त्याला ‘मातीला जाणं’ म्हणतात, तुमच्याकडेही तोच शब्द आहे. माती देणाऱ्यांच्या ओळीत उभे राहिलात तर कोणी तुम्हाला बाजूला व्हा म्हणणार नाही.